खिशातले पत्र

आईचे पत्र खिशात असणे ही काही बातमी नव्हे. परगावी नोकरी करणाऱ्या, खाणावळीत जेवणाऱ्या कुठल्याही मुलाच्या खिशात ते असतेच. त्यात काय असते तेही ठरलेले. घरची खुशाली, धाकट्या भावंडांच्या तक्रारी, गावात कोणाचे काय झाले, आणि शेवटी 'नीट वाग' म्हणून एक ताकीद. मुलगा ते घाईघाईने वाचतो, घडी घालतो आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकून देतो. पुढे कोट धुवायला टाकताना ते पुन्हा सापडते, इतकेच.

१८ ऑगस्ट १९२० ह्या दिवशी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या कायदेमंडळात एक २४ वर्षांचा सभासद असेच एक पत्र खिशात घेऊन बसला होता. कोटावर लाल गुलाब आणि आत आईचे पत्र. गुलाब सांगत होता एक, पत्र सांगत होते दुसरे. त्या दिवशी पत्राची सरशी झाली, आणि अमेरिकेतल्या अडीच कोटींहून अधिक स्त्रियांपुढे मतदानाचे दार उघडले.

त्या तरुणाचे नाव हॅरी टॉमस बर्न. त्या सकाळी तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.

उंदीरओढ्याचा मुलगा

अमेरिकेचे अध्यक्ष आपल्याला तोंडपाठ असतात. वॉशिंग्टनचे सेनेटर काय बोलले हेही आपली वर्तमानपत्रे छापतात. पण त्या देशाचा कारभार जितका वॉशिंग्टनमधून चालतो, तितकाच तो राज्याराज्यांच्या राजधान्यांतून चालतो. पूर्वी आपल्याकडे 'अमेरिकेतील संस्थाने' म्हणत, तीच ही राज्ये. प्रत्येकाची घटना वेगळी, गव्हर्नर वेगळा, कायदेमंडळ वेगळे. त्या कायदेमंडळांत बसणारी माणसे मोठी नामांकित असतात असे मुळीच नाही. कोणी गावचा वकील, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. त्या काळी दर दोन वर्षांनी काही आठवडे राजधानीत यायचे, कायदे करायचे, नि पुन्हा आपल्या धंद्याला लागायचे, असा त्यांचा रिवाज. टेनेसीत सभासदाचा भत्ता १८७० च्या राज्यघटनेनेच ठरवून टाकला होता : दिवसाला ४ डॉलर! पन्नास वर्षांत त्यात एक सेंटही वाढला नव्हता. तेव्हा श्रीमंत होण्यासाठी तिथे कोणी जात नसे. निदान उघडपणे तरी नाही.

हॅरीचा जन्म १२ नोव्हेंबर १८९५ चा. गावाचे नाव 'माउस क्रीक', म्हणजे मराठीत उंदीरओढाच म्हणा. पुढे मॉसी क्रीक नावाच्या दुसऱ्या गावाशी घोटाळा होऊ लागला, म्हणून ते नाव बदलून 'निओटा' असे ठेवण्यात आले. पण वाचकांनी हा उंदीर ध्यानात ठेवावा; पुढे तो पुन्हा एकदा भेटणार आहे.

वडील निओटाचे स्टेशनमास्तर. चार भावंडांत हॅरी थोरला. १९११ साली गावच्या शाळेतून बाहेर पडला आणि रेल्वेतच चिकटला. १९१६ साली वडील गेले. शेतीवाडी, धाकटी भावंडे आणि आई अशा घरात थोरल्या मुलावर काय येऊन पडते ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. दोन वर्षांनी, १९१८ साली, तो मॅकमिन परगण्यातून रिपब्लिकन पक्षातर्फे कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. वय वर्षे २२. सभागृहात त्याच्याहून लहान कोणी नव्हते.

दक्षिणेतला तरुण आणि रिपब्लिकन, हे ऐकून थोडे नवल वाटेल. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचे अढळ राज्य होते. पण पूर्व टेनेसीचा डोंगराळ मुलूख निराळा. तिथे मोठमोठे मळे नव्हते, गुलामांचे तांडेही फारसे नव्हते. यादवी युद्धात टेनेसी राज्य फुटून निघाले, तरी हे डोंगरी लोक बहुसंख्येने लिंकनच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच पक्षाला मते देत आले.

मालकीणबाई आणि गडीमाणसे

आईचे नाव फेब. कॉलेजात शिकलेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातल्या बाईच्या मानाने ही थोडी गोष्ट नव्हे. पतीच्या मागे शेत त्यांनीच सांभाळले. वर्तमानपत्रे बारकाईने वाचायची, देशात आणि देशाबाहेर काय चालले आहे ते ठाऊक ठेवायचे, हा त्यांचा परिपाठ.

पुढे कितीतरी वर्षांनी हॅरीने एक आठवण सांगितली. आपल्या शेतावर कुळाने राबणारी काही माणसे होती. त्यांतल्या काहींना अक्षर येत नव्हते. निवडणूक आली की ती जाऊन मत देऊन येत. आणि शेताच्या मालकीणबाई, ज्यांनी सगळे उमेदवार वाचून काढलेले, त्या मात्र घरी! हॅरीला हे लहानपणापासून खटकत होते.

आपल्या घटनेने निरक्षराला आणि पदवीधराला एकच मत दिले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे 'अडाण्याला मत आणि मला नाही' ही तक्रार आपल्या कानांना जरा टोचते. पण फेबबाईंच्या तक्रारीचा रोख त्या गड्यांवर नसावा. स्वतःच्या घराच्या ओटीवर आपल्यालाच उपरे ठरवले जावे, ह्याचे ते दुःख होते.

पस्तीस झाली, छत्तिसावे कोण?

आता थोडा घटनेचा हिशेब सांगितला पाहिजे. त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी जाहीरपणे झाली ती १८४८ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स ह्या गावी. त्यासाठी घटनादुरुस्तीचा मसुदा काँग्रेसपुढे आला १८७८ साली. आणि तो मंजूर झाला केव्हा? जून १९१९ मध्ये! मसुदा मांडला गेला तेव्हा जन्मलेली मुलगी एव्हाना एक्केचाळीस वर्षांची झाली होती.

बरे, काँग्रेसने मंजूर केले म्हणून काम संपले नाही. घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागते. त्या वेळी राज्ये होती ४८. म्हणजे ३६ हवीत. मार्च १९२० पर्यंत ३५ झाली, आणि तिथेच गाडे अडले. जूनमध्ये डेलावेअरने नकार दिला. कनेक्टिकट आणि व्हर्मोंटचे गव्हर्नर अधिवेशनच बोलवायला तयार होईनात. दक्षिणेतली राज्ये तर बहुतेक सगळी विरोधातच. उरले ते टेनेसी. अध्यक्ष विल्सन ह्यांनी तार केली, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट्स ह्यांनी ९ ऑगस्टला खास अधिवेशन बोलावले.

झाले! साऱ्या देशाचे डोळे नॅशव्हिल ह्या टेनेसीच्या राजधानीकडे लागले. तिथल्या हर्मिटेज हॉटेलात दोन्ही बाजूंच्या फौजा एकाच छपराखाली येऊन उतरल्या. मताधिकाराच्या बाजूने कॅरी चॅपमन कॅट. साठी ओलांडलेल्या, आयुष्य ह्याच कामात घालवलेल्या. विरोधी बाजूने जोसेफिन पिअर्सन. हो, विरोधी बाजूचे नेतृत्वही बाईकडेच होते! बाईने राजकारणाच्या धुळवडीत उतरू नये, तिचे राज्य घरात, असे त्या कळकळीने सांगत. सगळेच विरोधक काही इतके भाबडे नव्हते. गिरणीमालकांना धास्ती वाटे, की बायका मते देऊ लागल्या तर पहिल्याप्रथम गिरणीतल्या पोरांच्या कामावर बंदी आणतील. दारूवाल्यांचे दुखणे तर उघडच होते. रेल्वे कंपन्यांची माणसेही लॉबीत घिरट्या घालत होती. आणि ह्या सगळ्यांच्या मागे दक्षिणेची जुनी भीती : गोऱ्या बायकांना मत म्हणजे काळ्या बायकांनाही मत!

स्त्रियांच्या बाजूचे लोक पिवळा गुलाब लावीत, विरोधक लाल. रस्त्यात, हॉटेलात, जिन्यावर माणूस भेटला की आधी त्याच्या कोटाकडे नजर जाई. विरोधकांनी हॉटेलच्या आठव्या मजल्यावर एक खोली राखून ठेवली होती, नि तिथे सभासदांना व्हिस्की फुकट मिळत होती. साऱ्या देशात दारूबंदी लागू होऊन तेव्हा सात महिने झाले होते, हे इथे सांगून ठेवलेले बरे.

१३ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने दुरुस्ती सहज मंजूर केली : २५ विरुद्ध ४. त्या दिवशी विरोधात सर्वांत कडवट भाषण केले हर्शेल कँडलर ह्यांनी. आणि हे कँडलर हॅरीच्याच भागातले सेनेटर! परगण्यातले पुढारीही हॅरीला बजावत होते, की तुझ्या मतदारांना हे मुळीच नको आहे. नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक होती. हॅरीने लाल गुलाब लावला. स्त्रियांच्या बाजूच्या कार्यकर्त्यांना मात्र त्याने आडून सुचवले होते, की अगदी माझ्या एका मतावरच येऊन ठेपले तर मी तुमचे नुकसान करणार नाही. ह्या बोलण्याचा अर्थ कोणी काय घ्यावा? राजकारणात असली वाक्ये रोज बोलली जातात आणि रोज विसरली जातात.

कॅटबाई आणि उंदीर

अशा वेळी निओटाहून पत्र आले. सात पाने. त्यात घरचे होते, गावचे होते, काय हवे नको ते होते. आणि मधूनच, जणू सहज आठवले म्हणून, मताधिकाराचा विषय. आईने लिहिले होते : बाजूने मत दे, लोकांना तिष्ठत ठेवू नकोस. कँडलरांचे भाषण वाचले, फार कडवट वाटले. तू कुठल्या बाजूला आहेस ते पेपरात शोधते आहे, पण अजून काही दिसत नाही.

परगावी असलेल्या मुलाचे नाव आई रोज पेपरात शोधते आहे आणि ते सापडत नाही, ह्या एका वाक्यात किती आहे! त्यात रागावणे नाही, उपदेश नाही. पण हे वाचून कुठल्या मुलाला आपल्या कोटावरचा गुलाब जड झाला नसता?

शेवटी त्यांनी एक कोटी केली होती. ती मराठीत आणणे कठीण आहे, पण समजावून सांगता येईल. घटनादुरुस्तीला मंजुरी देणे ह्याला इंग्रजीत 'रॅटिफिकेशन' म्हणतात. त्या शब्दाच्या तोंडाशीच 'रॅट', म्हणजे उंदीर, बसलेला. आणि चळवळीच्या पुढारी कोण? तर कॅटबाई! तेव्हा शहाण्या मुलासारखा वाग आणि कॅटबाईंना त्या शब्दात रॅट बसवायला मदत कर, अशी त्यांची गमतीची आज्ञा. पत्र उंदीरओढ्याच्या गावाहून आलेले, हा आपला योगायोग.

१८ ऑगस्ट

त्या दिवशी कनिष्ठ सभागृहात ९६ सभासद हजर होते. गॅलऱ्या बायकांनी खचाखच भरलेल्या. दोन्ही बाजूंनी कोटांवरचे गुलाब मोजून पाहिले, तेव्हा लाल गुलाब जास्त भरले. सभापती सेथ वॉकर हे आधी बाजूने होते, मागाहून फिरले आणि विरोधकांचे सेनापती बनले. त्यांनी डाव टाकला : हा विषयच बासनात गुंडाळून ठेवावा. मते घेतली. ४८ विरुद्ध ४८! वॉकर ह्यांचा विश्वास बसेना. पुन्हा घेतली. पुन्हा ४८ विरुद्ध ४८! बँक्स टर्नर नावाचे एक डेमोक्रॅट सभासद ऐन वेळी लाल बाजू सोडून आले होते. वॉकर स्वतः त्यांच्या शेजारी जाऊन, खांद्यावर हात टाकून विनवीत होते, पण टर्नर हलले नाहीत.

दोन्ही वेळा हॅरी बर्नने विरोधकांच्या बाजूने मत दिले होते, हे विसरता कामा नये. पत्र तेव्हाही खिशातच होते.

बासनात गुंडाळण्याचा ठराव बरोबरीने पडला. पण वॉकर घाबरले नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता : आता मूळ दुरुस्तीवर मते घेऊ, तिथेही ४८-४८ झाली की बहुमताअभावी दुरुस्तीच पडेल. पिवळ्या बाजूच्या बायकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनाही तोच हिशेब कळत होता.

नावे अक्षरक्रमाने पुकारली जात होती. 'बर्न' हे नाव सुरुवातीलाच आले. आणि हॅरी म्हणाला, "आय." होय.

तो इतक्या पटकन बोलला की क्षणभर कोणाला कळलेच नाही म्हणतात. लाल गुलाबवाल्याने 'होय' म्हटले? चुकून तर नाही? मग कुजबुज सुरू झाली, मग गॅलरीत गलबला उठला. नावे पुढे सरकत राहिली. टर्नर ह्यांचीही 'होय' पडली आणि आकडा झाला ४९ विरुद्ध ४७. वॉकर ह्यांनी लगोलग आपले मत फिरवून 'होय' केले. मनपरिवर्तन झाले म्हणून नव्हे. जिंकलेल्या बाजूच्या सभासदालाच फेरविचाराची मागणी करता येते, ह्या नियमासाठी. त्यामुळे दप्तरी आकडा दिसतो तो ५० विरुद्ध ४६. कोणी ते बहुमत पाहून फसू नये.

गॅलरीतून पिवळ्या गुलाबांचा पाऊस पडला. कॅटबाई सभागृहात आल्या नव्हत्या. हॉटेलच्या खोलीत बसल्या होत्या. निकाल त्यांना आरोळ्यांवरून कळला.

चिडलेल्या लोकांपासून वाचण्यासाठी हॅरी खिडकीतून बाहेर पडला आणि कठड्यावरून सरकत जाऊन माळ्यावर लपला, अशी एक कथा टेनेसीत अजून सांगतात. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी. पण लोक चिडले होते एवढे खरे. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर लाच घेतल्याचा आरोप झाला. २४ वर्षांच्या पोराने मत फिरवले, तेव्हा पैशांवाचून फिरवील कसा? ज्यांना दुसरे कारण सुचतच नाही अशी माणसे सगळीकडे असतात.

हॅरी उभा राहिला आणि त्याने आपले म्हणणे सभागृहाच्या दप्तरात नोंदवून घेतले. स्त्रियांना मताचा हक्क असला पाहिजे, असे मला स्वतःला वाटते, हे पहिले. आईचा सल्ला मानणे मुलाच्या नेहमीच हिताचे असते, आणि माझ्या आईची इच्छा मी मंजुरी द्यावी अशी होती, हे दुसरे. कोट्यवधी स्त्रियांना राजकीय दास्यातून सोडवण्याची संधी माणसाला क्वचितच येते, तीही त्याने सांगितली. आणि पूर्व टेनेसीच्या डोंगरातल्या एका रिपब्लिकनाने हे घडवले, असे माझ्या पक्षाला म्हणता यावे, हेही तो सांगायला विसरला नाही. पोरगा राजकारणीही होता!

लोकांनी मात्र ह्यातले दुसरे कारण तेवढे उचलले. 'आईचे ऐकणारा गुणी बाळ' म्हणून कोणी कौतुक केले, कोणी चेष्टा. मला वाटते दोघांचेही थोडे चुकले. आईने त्याला मत दिले नाही; मत त्याचे त्याला होतेच. मतदारांच्या धाकाने ते त्याने कोटाखाली झाकून ठेवले होते. पत्राने फक्त विचारले, की पेपरात तुझे नाव का दिसत नाही?

निओटाची पाहुणी

आता विरोधकांनी दुसरा मार्ग धरला. पत्र खोटे आहे, असे आईकडूनच वदवून घ्यायचे! लुइझियानाच्या माजी गव्हर्नरांची पत्नी खुद्द निओटाला फेबबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. एका बाजूला गव्हर्नरांच्या घरची बाई, दुसऱ्या बाजूला खेड्यातली विधवा. पाहुणीने नाना प्रकारे घोळून पाहिले. फेबबाई बधल्या नाहीत. उलट त्यांनी नॅशव्हिलला तार ठोकली : पत्र खरे आहे, मीच लिहिले आहे, मुलाने शेवटपर्यंत ठाम राहावे. शिवाय ती बाई माझ्या घरात येऊन मला फार टाकून बोलली आणि तिला घराबाहेर काढता काढता पुरेवाट झाली, हेही त्या तारेत होते! तारेला शब्दागणिक पैसे पडत. पण काही शब्द पैसे मोजूनही पाठवावेसे वाटतात.

तिकडे नॅशव्हिलमध्ये तीस-चाळीस विरोधक सभासद रातोरात आगगाडीने शेजारच्या अलाबामा राज्यात पळून गेले. गणसंख्याच भरू द्यायची नाही म्हणजे फेरविचार लांबेल, ही युक्ती. पण ती फसली. २१ ऑगस्टला उरलेल्या सभासदांनी फेरविचाराची मागणी निकालात काढली. २४ तारखेला गव्हर्नरांनी मंजुरीचा कागद सही करून वॉशिंग्टनला धाडला, आणि २६ ऑगस्टच्या सकाळी परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी ह्यांनी आपल्या घरीच त्यावर सही केली. ना समारंभ, ना छायाचित्र. चळवळीतली एकही बाई हजर नव्हती. बहात्तर वर्षांच्या लढ्याचा शेवट एका घरगुती टेबलावर झाला. (आपल्याकडे मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांवरची मताधिकाराची बंदी उठवली ती १९२१ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी. मालमत्तेची अट मात्र राहिलीच.)

नोव्हेंबरची निवडणूक आली. गव्हर्नर रॉबर्ट्स पडले. हॅरी बर्नही पडणार असे सगळे धरून चालले होते. तो थोडक्यात निवडून आला.

मागाहूनची सत्तावन्न वर्षे

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. पण माणूस चोविसाव्या वर्षी इतिहासात जाऊन बसला, तर उरलेल्या आयुष्याचे त्याने करावे काय? मला ह्या गोष्टीत तेच जास्त पाहावेसे वाटते. आणि आता त्यांना अरेतुरे करणेही बरे दिसणार नाही.

बर्नसाहेबांनी १९२३ मध्ये कायदेमंडळ सोडले आणि त्याच वर्षी वकिलीची सनद घेतली. १९३० साली गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली; ती मिळाली नाही. त्यांच्या एका 'होय'मुळे मतदार झालेल्या बायकांनी त्यांना डोक्यावर घेतले असे काही झाले नाही. पुढे वकिली, बँकेचे काम, शेती. १९४५ साली आई गेली. १९४९ ते १९५३ ते राज्याच्या सेनेटमध्ये होते, आणि १९५२ पासून १९७० पर्यंत राज्याच्या नियोजन मंडळावर.

वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येणारे हे काम नव्हे. पण त्यातले एक सांगण्यासारखे आहे. १९२० च्या विजयात एक मोठी उणीव होती. घटनेने सगळ्या स्त्रियांना मत दिले. पण दक्षिणेतल्या काळ्या स्त्रीला ते टाकता येईल ह्याची तजवीज कोणी केली नाही. उलट मतपट्टी नावाचा कर, परीक्षा, धमक्या ह्यांनी तिची वाट अडवली गेली. नॅशव्हिलमध्येच जूनो फ्रँकी पीअर्स नावाच्या काळ्या पुढारी बाई होत्या. मे १९२० मध्ये त्यांनी ह्याच विधिमंडळाच्या इमारतीत गोऱ्या बायकांच्या सभेपुढे भाषण केले आणि आमच्याही मुलींसाठी काही करा असे सांगितले. त्यांच्यासारखीच्या मैत्रिणींना दक्षिणेत सर्वत्र निर्धास्तपणे मत टाकता यावे म्हणून देशाला १९६५ चा मताधिकार कायदा करावा लागला. पंचेचाळीस वर्षे! कॅटबाईंच्या पिवळ्या गुलाबांचे कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

१९५३ साली टेनेसीची राज्यघटना सुधारण्यासाठी परिषद भरली. तीत बर्नसाहेब सभासद होते. ह्या परिषदेने राज्यघटनेतून तो मतावरचा कर काढून टाकला. (सभासदांचा ४ डॉलरचा भत्ताही तिनेच बदलला, त्र्याऐंशी वर्षे टिकला होता!) त्यानंतर १९५९, १९६५ आणि १९७१ अशा आणखी तीन परिषदांत ते निवडून गेले. त्यांतली १९६५ ची मला विशेष वाटते. टेनेसीने १९०१ पासून मतदारसंघांची फेरआखणीच केली नव्हती. माणसे शहरात गेली तरी जागा खेड्यांकडेच राहिल्या. खेड्यातले एक मत शहरातल्या कितीतरी मतांच्या तोलाचे झाले. त्यावर खटला झाला, आणि १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या टेनेसीच्याच खटल्यात, असल्या तक्रारी न्यायालय ऐकू शकते असा निर्णय दिला. साऱ्या देशातले मतदारसंघ त्यामुळे नव्याने आखावे लागले. जागांची ही वाटणी राज्यघटनेत नीट बसवण्यासाठी १९६५ ची परिषद बसली, तेव्हा एके काळचा तो पोरसवदा सभासद सत्तरीला आलेला होता. आणि काम तेच : कोणाचे मत किती मोजायचे.

१९ फेब्रुवारी १९७७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते निओटालाच वारले.

पूर्व टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहरात २०१८ साली आई आणि मुलगा ह्या दोघांचा मिळून एक पुतळा बसवण्यात आला. कायदेमंडळाच्या सभासदांचे पुतळे जगात पुष्कळ असतील. शेजारी आईला घेऊन उभारलेला दुसरा मला ठाऊक नाही.

ते पत्रही त्याच शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ऐतिहासिक संग्रहात जपून ठेवले आहे. सातही पाने आहेत. मताधिकाराच्या ओळी त्यांत मोजक्याच, अधूनमधून आलेल्या. बाकीचे सगळे घरचे.